पाच शेअरमागे तीन: एक्स्चेंज कोणता, आणि विलीनीकरण जोखायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. एका मध्यम आकाराच्या आयटी कंपनीचे २३४ शेअर तुमच्याकडे आहेत, अडीच वर्षांपूर्वी ६२० रुपयांनी घेतलेले. ही कंपनी आता एका मोठ्या आयटी कंपनीत विलीन होणार आहे आणि तुम्हाला पाच शेअरमागे मोठ्या कंपनीचे तीन मिळणार आहेत. घोषणेच्या आदल्या दिवशी तुमचा शेअर ७४० ला होता, मोठ्या कंपनीचा १,६०० ला. आज तुमचा ८६० च्या आसपास आहे आणि मोठ्या कंपनीचा १,५००. एनएसईवर ८६०.२० आणि बीएसईवर ८५९.३५ दिसतोय, तर विकायचा कुठे? मोठ्या कंपनीचे एडीआर (परदेशी कंपनीच्या शेअरच्या बदल्यात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पावत्या) न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर आहेत, म्हणून ती जास्त भरवशाची धरायची का? तुमचा मित्र म्हणतो तसं ती नॅस्डॅकवर असती तर बरं झालं असतं का? आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं, ‘विलीनीकरण चांगलं आहे ना?’

तीन प्रश्न एक्स्चेंजबद्दल आणि एक विलीनीकरणाबद्दल. पैशांत मोजलं तर हे वजन उलटं आहे. ८५ पैशांचा फरक २३४ शेअरवर १९९ रुपये होतो. विलीनीकरणाचा निर्णय दोन लाखांचा आहे. त्यामुळे एक्स्चेंजचं लवकर आटोपते. मात्र त्यात एक भाग असा आहे की जो पुढे विलीनीकरण जोखताना कामाला येतो, तिथे थोडी थांबणार आहे.

आधी एनएसई आणि बीएसई. बीएसईची स्थापना १८७५ ची, एनएसईवर शेअरचे सौदे सुरू झाले १९९४ मध्ये. तुमच्यासारख्या शेअर खात्यात घेऊन ठेवणाऱ्या गुंतवणूकदाराला या इतिहासाचा काही उपयोग नाही. शेअर डीमॅट खात्यात आहेत, त्यांचा आयसिन, म्हणजे ओळख क्रमांक, एकच आहे, तुम्ही कुठेही घेतलेले असोत, विकताना कोणताही एक्स्चेंज निवडता येतो. दोन्हीकडे सौद्याचे पैसे टी प्लस वन पद्धतीनं, म्हणजे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी मिळतात. भावांत फरक पडला की आर्बिट्राजवाले, म्हणजे एकीकडे स्वस्त घेऊन दुसरीकडे महाग विकणारे, तो काही क्षणांत खाऊन टाकतात. तुम्हाला जे दोन आकडे दिसले ते बहुधा वेगवेगळ्या सेकंदाला झालेल्या शेवटच्या सौद्यांचे आहेत. त्या भावाला आत्ता खरेदीदार उभा आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

म्हणून शेवटचा भाव न बघता मार्केट डेप्थ, म्हणजे कोणत्या भावाला किती खरेदीदार-विक्रेते उभे आहेत ती यादी, उघडा आणि तुमच्या २३४ शेअरना पुरेल इतकी मागणी कोणत्या भावापर्यंत आहे ते पाहा. मोठ्या उलाढालीच्या शेअरमध्ये एनएसईवर ती साधारणपणे दाट असते. लिमिट ऑर्डर, म्हणजे किमान भाव ठरवून दिलेली ऑर्डर, टाका, काम झालं. काही शेअर मात्र फक्त बीएसईवर नोंदलेले असतात, काही लहान कंपन्यांच्या एसएमई मंचावर ठरावीक लॉटमध्येच विकले जातात. तिथे घाईनं मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकली तर एक-दोन टक्के सहज जातात. तुमच्या शेअरला ती अडचण दिसत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. दिवसाचा बंद भाव दोन्हीकडे थोडा वेगळा असतो, कारण गेली अनेक वर्षं तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची उलाढालीनुसार काढलेली सरासरी म्हणून धरला जातो आणि दोन्हीकडचे सौदे वेगळे असतात. नवे शेअर देताना त्यांची किमान किंमत ठरवण्याच्या, बाजार नियामक सेबीच्या सूत्रात याचा विचार केलेला आहे: ज्या एक्स्चेंजवर त्या काळात जास्त उलाढाल झाली तिथला भाव घ्यायचा. विलीनीकरणाच्या मूल्यांकनात ‘बाजारभाव’ असा स्तंभ दिसतो, तो बहुतेक वेळा याच सूत्रातून आलेला असतो.

आता न्यूयॉर्क आणि नॅस्डॅक. तंत्रज्ञान म्हणजे नॅस्डॅक हा समज जुना आहे. नॅस्डॅक १९७१ मध्ये सुरू झाला तोच संगणकावरचा बाजार म्हणून, आणि पुढे मायक्रोसॉफ्ट, ॲपल, इंटेल अशा कंपन्या तिथे गेल्या, त्यामुळे तो समज रुजला. पण आयबीएम आणि सेल्सफोर्स न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर आहेत, आणि शीतपेयं विकणारी पेप्सिको २०१७ मध्ये न्यूयॉर्क सोडून नॅस्डॅकवर गेली. ओरॅकल २०१३ मध्ये उलट्या दिशेनं गेली. आपली इन्फोसिस १९९९ मध्ये नॅस्डॅकवर नोंदली गेलेली पहिली भारतीय कंपनी. २०१२ च्या डिसेंबरमध्ये तिनं एडीआर न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर नेले. त्या आठवड्यात तिचे ग्राहक, कंत्राटं, माणसं यातलं काहीही बदललं नाही.

व्यवहाराच्या पद्धतीत फरक आहे. न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक शेअरसाठी एक नेमलेला मार्केट मेकर, म्हणजे सतत खरेदी-विक्रीचे भाव देत राहणारा व्यापारी, असतो, नॅस्डॅकवर अनेक मार्केट मेकर एकमेकांशी स्पर्धा करतात. पण अमेरिकेत शेअर एका ठिकाणी नोंदलेला असला तरी त्याचे सौदे इतर अनेक मंचांवर होत असतात, त्यामुळे छोट्या गुंतवणूकदाराला हा फरक जाणवतही नाही. जाणवण्याजोगा परिणाम एकच: नॅस्डॅक १०० या निर्देशांकात फक्त नॅस्डॅकवर नोंदलेल्या कंपन्या येतात, म्हणून तिथे असलं की त्या निर्देशांकाचे फंड शेअर विकत घेतात. मागणीला तेवढा आधार मिळतो. कंपनीच्या दर्जाचा त्याच्याशी संबंध नाही.

राहिला भरवशाचा प्रश्न, आणि इथे मला थांबायचं आहे. अमेरिकेत एडीआर नोंदवले की कंपनीला तिथल्या नियामकाकडे दरवर्षी सविस्तर अहवाल द्यावा लागतो, अंतर्गत नियंत्रणांची तपासणी करून घ्यावी लागते. हे चांगलंच आहे. पण सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी आठवा. सत्यमचे शेअर बीएसई आणि एनएसईवर होते, एडीआर २००१ पासून न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर होते. तीन एक्स्चेंजच्या अटी पाळणाऱ्या या कंपनीच्या ताळेबंदात पाच हजार कोटींहून अधिक रोख रक्कम अस्तित्वातच नव्हती, हे ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या पत्रातून बाहेर आलं. त्या एका दिवसात शेअर तीन-चतुर्थांशाहून अधिक पडला.

पण याच गोष्टीचा तीन आठवडे आधीचा भाग तुमच्या प्रश्नाशी जास्त जवळचा आहे. १६ डिसेंबर २००८ ला सत्यमनं जाहीर केलं की प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घेणार. एक बांधकाम-पायाभूत सुविधांची, एक मालमत्तांची. सॉफ्टवेअर कंपनीनं हे का घ्यावं याचं पटेल असं उत्तर नव्हतं. भारतातला बाजार तेव्हा बंद झाला होता, न्यूयॉर्कचा उघडा होता. तिथे एडीआर काही तासांत निम्म्याहून खाली आले आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत बाजार उघडण्याआधीच सत्यमला तो व्यवहार मागे घ्यावा लागला.

एक्स्चेंजवर नाव असल्यानं कंपनी प्रामाणिक ठरत नाही. पण एक्स्चेंजवरचा भाव हे त्या व्यवहाराबद्दलचं हजारो लोकांनी स्वतःचे पैसे लावून दिलेलं मत असतं. ते चुकू शकतं, पण ते फुकट वाचायला मिळतं आणि बहुतेक छोटे भागधारक ते चुकीच्या ठिकाणी वाचतात. आपला शेअर ७४० वरून ८६० झाला, म्हणजे विलीनीकरण चांगलं, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात विकत घेतल्या जाणाऱ्या कंपनीचा शेअर प्रीमियममुळे, म्हणजे बाजारभावाहून जादा देऊ केलेल्या किमतीमुळे, वाढणारच. पाहायचं ते विकत घेणाऱ्या कंपनीच्या भावाकडे.

तुमच्या उदाहरणात मोठ्या कंपनीचा शेअर १,६०० वरून १,५०० झालाय. तुम्ही शेअरसंख्या दिलेली नाही, म्हणून मी गृहीत धरते: मोठीचे ५० कोटी शेअर, तुमच्या कंपनीचे १५ कोटी. तर तुमच्या कंपनीचं बाजारमूल्य १,८०० कोटींनी वाढलं आणि मोठीचं ५,००० कोटींनी घटलं. दोन्ही मिळून ३,२०० कोटी कमी झाले. एकत्र येऊन दोघी मिळून जास्त मोलाच्या होतील असं व्यवस्थापन म्हणतं आहे. बाजार म्हणतो आहे की कमी मोलाच्या होतील. खरे आकडे घालून हा हिशोब स्वतः करा. त्या काळात सगळाच आयटी निर्देशांक पडला असेल तर तेवढी घट वजा करा, नाहीतर बाजाराच्या पडझडीचा दोष विलीनीकरणावर जाईल.

आता प्रमाणाकडे येऊ, कारण सगळा अर्थ तिथे आहे. पाचामागे तीन म्हणजे एका शेअरला ०.६. घोषणेच्या आदल्या दिवशीच्या भावानं तुम्हाला ९६० रुपयांचा शेअर मिळत होता, ७४० वर जवळपास ३० टक्के प्रीमियम. बातम्यांचे मथळे यावरच असतात. मोठीचा शेअर १,५०० झाल्यावर तुमच्या वाट्याचे ९०० झाले. उद्या तो १,३०० झाला तर ७८०. प्रमाण ठरलेलं असतं, किंमत ठरलेली नसते; हा फरक ज्यांनी लक्षात घेतला नाही असे भागधारक मी दर वेळी पाहते.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण एचपी आणि कॉम्पॅक या अमेरिकी संगणक कंपन्यांचं. ३ सप्टेंबर २००१ च्या रात्री घोषणा झाली: कॉम्पॅकच्या एका शेअरला एचपीचे ०.६३२५ शेअर, व्यवहार सुमारे २५ अब्ज डॉलरचा, कॉम्पॅकवाल्यांना १९ टक्क्यांच्या आसपास प्रीमियम. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला आणि एचपी १८ टक्क्यांहून जास्त पडला. प्रीमियम एका दिवसात नाहीसा झाला. एचपीच्या संस्थापकांपैकी एकाचे चिरंजीव वॉल्टर ह्युलेट यांनी विरोधात मोहीम काढली, मार्च २००२ मधलं मतदान अगदी थोडक्या फरकानं पार पडलं आणि मे महिन्यात विलीनीकरण झालं. एचपीच्या प्रमुख कार्ली फिओरिना यांनी वर्षाला सुमारे अडीच अब्ज डॉलरची खर्चबचत होईल असं सांगितलं होतं, आणि बचत झालीही. अडचण बचतीची नव्हती. वैयक्तिक संगणकाच्या कमी नफ्याच्या धंद्यात आणखी खोल जायचं की नाही, यावर वाद होता. २०१५ मध्ये एचपीची दोन कंपन्यांत विभागणी झाली आणि संगणक-प्रिंटरचा धंदा वेगळा काढला गेला.

रोखीच्या व्यवहाराचं गणित वेगळं. मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२२ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या व्हिडिओ गेम कंपनीच्या एका शेअरला ९५ डॉलर रोख द्यायचं जाहीर केलं, तरी त्या दिवशी शेअर ८२ डॉलरच्या आसपासच बंद झाला. ती तफावत म्हणजे नियामक परवानगी देतील की नाही याबद्दलची शंका होती. ती रास्त होती: अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अडथळे आले आणि व्यवहार ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाला. एनव्हिडियाचा आर्म घेण्याचा प्रयत्न २०२२ मध्ये आणि ॲडोबीचा फिग्मा घेण्याचा २०२३ मध्ये याच कारणानं सोडून द्यावा लागला.

तुमच्याही शेअरमध्ये तफावत आहे. हक्काचे ९०० आणि बाजारात ८६०, म्हणजे ४० रुपये, ८६० वर साधारण ४.६५ टक्के. लोक म्हणतात, हे तर फुकटचे पैसे. तसं नाही. भारतात दोन नोंदणीकृत कंपन्यांचं विलीनीकरण संचालक मंडळाच्या मंजुरीपासून पूर्ण व्हायला बऱ्याचदा नऊ महिने ते वर्ष लागतं: एक्स्चेंज आणि सेबीचं निरीक्षणपत्र, गरज असेल तिथे स्पर्धा आयोगाची मंजुरी, भागधारकांची सभा, मग राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण म्हणजे एनसीएलटीचा आदेश. दहा महिने धरले तर ४.६५ टक्क्यांचा वार्षिक दर साडेपाचच्या आसपास येतो. हे मुदत ठेवीच्या व्याजाहून फार वेगळं नाही, आणि मुदत ठेवीत मोठ्या कंपनीचा शेअर पडण्याची जोखीम नसते. बोलणी फिसकटली तर तुमचा शेअर पुन्हा ७४० कडे जाऊ शकतो. वर ४०, खाली १२०. अगदी ढोबळपणे पाहिलं तर बाजार हे विलीनीकरण पार पडण्याची शक्यता चारात तीन धरतो आहे.

म्हणून केवळ या तफावतीसाठी शेअर धरू नका. धरायचा तर एकाच कारणासाठी: मोठी कंपनी तुम्हाला हवी आहे. तुमचा शेअर आज ८६० ला आहे याचा अर्थ मोठ्या कंपनीचा शेअर तुम्हाला १,४३३ ला पडतोय, थोडा उशिरा आणि थोड्या जोखमीसह. तुमच्या हातात शेअर नसून दोन लाख रोख आहेत असं समजा. त्या पैशांनी तुम्ही ही मोठी कंपनी १,४३३ ला घ्याल का? घ्याल, तर धरा. बाजारातून १,५०० ला घेण्यापेक्षा हे स्वस्त आहे. नाही घेणार, तर विका, आणि ते आज विकण्यात तुमचं भावनिक नुकसान सोडून दुसरं काही नाही.

यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते मला माहीत नाही. तुमच्याकडे आधीच आयटीचे शेअर खूप असतील तर उत्तर बदलेल. वर्षभरात पैसे लागणार असतील तरी बदलेल. कराचं तुमच्या बाजूनं आहे: २४० रुपये नफा गुणिले २३४ म्हणजे ५६,१६० रुपये, दीर्घ मुदतीचा. वर्षाला सव्वा लाखांपर्यंतच्या अशा नफ्यावर कर नाही, तेव्हा या वर्षी दुसरा नफा काढला नसेल तर कराच्या भीतीनं धरून ठेवायचं कारण उरत नाही.

आता मोठी कंपनी हवी की नको हे ठरवण्यासाठी एकत्रित कंपनी कशी असेल ते पाहावं लागेल. मी पहिल्यांदा योगदानाचा तक्ता करते. माझ्या गृहीतकात मोठी कंपनी ९ कोटी नवे शेअर देणार, एकूण ५९ कोटींत तुमच्या बाजूचा वाटा १५ टक्क्यांच्या थोडा वर. एकत्रित नफ्यात तुमच्या कंपनीचा हिस्सा किती? उत्पन्नात किती? रोख प्रवाहात किती? नफ्यातला हिस्सा ११ टक्के आणि मालकी १५ टक्के असेल तर तुम्हाला चांगला भाव मिळालाय आणि मोठीच्या भागधारकांनी तो मोजलाय. पण विलीनीकरणानंतर तुम्हीही मोठीचेच भागधारक असणार आहात, म्हणून त्या जादा किमतीचा एक छोटा वाटा तुमच्याही खिशातून जातो.

मग कोण कोणाच्या बाजूला बसलंय ते. एलटीआय (लार्सन अँड टुब्रो इन्फोटेक) आणि माइंडट्री या आयटी कंपन्यांचं विलीनीकरण मे २०२२ मध्ये जाहीर झालं, माइंडट्रीच्या १०० शेअरमागे एलटीआयचे ७३. दोन्हीकडे प्रवर्तक लार्सन अँड टुब्रो: एलटीआयमध्ये सुमारे ७४ टक्के, माइंडट्रीत ६१. अशा रचनेत ज्या कंपनीत प्रवर्तकाचा वाटा जास्त, तिच्या बाजूनं प्रमाण झुकलं तर फायदा प्रवर्तकाला होतो. तिथे तसं झालं असं मी म्हणत नाही. पण म्हणूनच अशा व्यवहारात मूल्यांकन अहवाल बारकाईनं वाचायचा, आणि म्हणूनच सेबीनं काही प्रकारच्या योजनांत प्रवर्तक सोडून इतर भागधारकांच्या मतांचं वेगळं बहुमत मागितलं आहे. तुमच्या दोन कंपन्यांचे प्रवर्तक वेगळे असतील तर ही चिंता बरीच कमी होते. उलट दुसरी सुरू होते: किंमत जास्त दिली गेली का?

याच व्यवहारात माणसांचा प्रश्नही दिसला. घोषणेबरोबरच एलटीआयचे प्रमुख संजय जलोना यांनी राजीनामा दिला आणि एकत्रित कंपनीची सूत्रं माइंडट्रीच्या देबाशिस चॅटर्जी यांच्याकडे गेली. आयटी सेवा कंपनीत कारखाना नसतो, यंत्रं नसतात. माणसं आणि ग्राहकांचे करार एवढंच विकत घेतलं जातं आणि दोन्ही सोडून जाऊ शकतात. त्यामुळे मी घोषणेनंतरच्या दोन-तीन तिमाहींचे निकाल पाहताना कर्मचारी गळतीचा दर आणि पहिल्या पाच-दहा ग्राहकांकडून येणाऱ्या उत्पन्नाचा वाटा हे आधी बघते, नफा नंतर. दोन्ही कंपन्यांचा सगळ्यात मोठा ग्राहक एकच असेल तर सावध व्हा. पुरवठादार दोनाचा एक झाला की तो ग्राहक दर कमी करून मागतो.

‘सिनर्जी’, म्हणजे एकत्र आल्यानं होणारा फायदा, या सदराखाली सादरीकरणात जे दिलं असतं त्यात खर्चबचतीचा आकडा मी बऱ्यापैकी खरा धरते. दुहेरी कार्यालयं, दुहेरी परवाने, दुहेरी व्यवस्थापन हे कमी करता येतं. एकमेकांच्या ग्राहकांना एकमेकांच्या सेवा विकून उत्पन्न वाढेल, हा आकडा मात्र मी शून्य धरून हिशोब करते. शून्य धरूनही व्यवहार उभा राहत असेल तर ठीक.

आकारानं मिळणाऱ्या फायद्यांबद्दलही जपून. एलटीआयमाइंडट्री विलीनीकरणानंतर जुलै २०२३ मध्ये निफ्टी ५० मध्ये आली, निर्देशांकाच्या फंडांची खरेदी झाली, आणि सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस ती निफ्टीतून बाहेरही पडली.

ताळेबंदात गुडविल किती वाढतं तेही पाहा. खरेदीची किंमत आणि मालमत्तेचं रास्त मूल्य यातला फरक तिथे बसतो, आणि किंमत जास्त दिली असेल तर काही वर्षांनी तो एकदम नफ्यातून वजा करावा लागतो. एओएल आणि टाइम वॉर्नरचं विलीनीकरण २००१ मध्ये पूर्ण झालं आणि २००२ सालचा तोटा ९८ अब्ज डॉलरहून जास्त निघाला, बहुतांश गुडविलमुळे. एचपीनं २०११ मध्ये घेतलेल्या ऑटोनॉमी या सॉफ्टवेअर कंपनीपायी पुढच्याच वर्षी ८.८ अब्ज डॉलर खोडले.

हे सगळं वाचायचं कुठे? इथे एक्स्चेंजचा तुम्हाला खरा उपयोग आहे, भावाच्या ८५ पैशांपेक्षा कितीतरी जास्त. एनएसई आणि बीएसई दोन्हींच्या संकेतस्थळांवर तुमच्या कंपनीच्या घोषणांमध्ये योजनेचा मसुदा, मूल्यांकन अहवाल, मर्चंट बँकरचं रास्ततेबाबतचं मत, लेखापरीक्षण समिती आणि स्वतंत्र संचालकांच्या समितीचे अहवाल, आणि भागधारकांकडून आलेल्या तक्रारींचा अहवाल मिळतो. मूल्यांकन अहवालात शेवटी एक तक्ता असतो: कोणत्या पद्धतीनं कोणत्या कंपनीचा शेअर किती रुपयांचा ठरला आणि कोणत्या पद्धतीला किती वजन दिलं. सगळा अहवाल नका वाचू, तो तक्ता वाचा. एखाद्या पद्धतीला एका कंपनीसाठी वजन आणि दुसरीसाठी शून्य असेल तर कारण दिलंय का ते शोधा. मग ई-मतदान करा. योजनेला मत देणाऱ्यांत मूल्यानुसार तीन-चतुर्थांश पाठिंबा लागतो.

धरून ठेवायचं ठरवलंत तर शेवटच्या टप्प्यातल्या दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. रेकॉर्ड डेट, म्हणजे नवे शेअर कोणाला द्यायचे हे ठरवण्याची तारीख, जवळ आली की तुमच्या कंपनीच्या शेअरचे सौदे थांबतात आणि नवे शेअर खात्यात येऊन विक्रीला खुले होईपर्यंत मध्ये काही दिवस, कधी त्याहून जास्त, तुम्हाला काहीच विकता येत नाही. कोणत्याच एक्स्चेंजवर नाही. त्या काळात पैसे लागणार असतील तर आधीच थोडे विका. आणि २३४ गुणिले ०.६ म्हणजे १४०.४: खात्यात १४० शेअर येतील, उरलेल्या ०.४ चे पैसे मिळतील, कारण असे सगळ्यांचे तुकडे एकत्र करून विश्वस्तामार्फत विकले जातात. शेअरच्या अदलाबदलीवर कर लागत नाही आणि जुनी खरेदीची तारीखच पुढे चालते, पण त्या ०.४ च्या रकमेवरचा नफा विवरणपत्रात दाखवावा लागतो. तुमची १,४५,०८० रुपयांची मूळ किंमत १४०.४ वर वाटली की नव्या शेअरची खरेदी किंमत १,०३३.३३ येते. ब्रोकरच्या ॲपमध्ये ती अनेकदा चुकीची किंवा शून्य दिसते, म्हणून मूळ कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरनं दिलेली सौद्याची पावती) आणि योजनेचं पत्र एकत्र जपून ठेवा.